जळीत घट

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पतसंस्थेची नवी डायरी उघडते.
पहिलं पान सोडून देते, त्यावर गणपती असतो.
दुसऱ्यावर लिहिते : १.
मग चहा ठेवायला उठते.

अशा अकरा डायऱ्या आहेत. सगळ्यांच्या दुसऱ्या पानावर
माझंच अक्षर, दरवर्षी जरा जास्त कललेलं.
गाडी शिकणे.
(शिकले, तिसऱ्या वर्षी, केप्याच्या चढावर
मागचे ट्रक भोंगे वाजवत असताना.)
पोर्तुगीज, सहा महिने, बाबांचे जमिनीचे कागद वाचण्यापुरतं.
("काल पाऊस होता" इथवर पोचले. कागद खणातच.)
एम.एस्सी. पुढच्या वर्षी एम.एस्सी. त्याच्या पुढच्या वर्षी
नुसतं "एम."
आठ किलो कमी. दहा किलो कमी. बारा.
सातत्याने वाढली ती ही एकच ओळ.

बाबांना इन्सुलिन टोचायला शिकेन
असं कुठल्याच पानावर नव्हतं.

कुडचड्याला खाणकंपनीच्या प्रयोगशाळेत लागले
तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि काकोडे निवृत्तीला आलेले.
ते माती बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "अठ्ठावन."
तासाभराने मशीन म्हणायचं, अठ्ठावन पूर्णांक दोन.
त्या वर्षी मी एवढंच लिहिलं : काकोड्यांसारखं होणे.
झालेही असते. खाण बंद पडली.
बार्जी काठाला लागल्या त्या लागल्याच,
एकीच्या डेकवर पिंपळ आला.
लोखंडाचे टक्के ओळखणारी बोटं घेऊन कुठे जायचं,
हे एकाही अर्जात विचारलेलं नव्हतं.

आता वेर्णा. गोळ्यांचा कारखाना, पांढऱ्या टोप्या,
पहाटे साडेपाचची बस. दर मार्चला एक फॉर्म :
पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे पाहता?
पहिल्या वर्षी लिहिलं, विभागप्रमुख.
यंदा पेन खाली ठेवलं. खरं तेच लिहिणार होते,
सावर्ड्याच्या पुलावर, संध्याकाळी, हातात पिशवी नसताना.
लिहिलं, वरिष्ठ विश्लेषक.

एकतीसला दुपारी ब्राझ आणि त्याची पलटण दारात.
"आंटी, ओल्ड मॅनाक कोट आसा?"
पेंढा भरून झाला होता, मडक्याला मिशाही काढलेल्या.
कपाटात मागे तो होता, निळा, कंपनीचा,
शिवणींमध्ये अजून लाल.
दिला. खिसे तपासले नाहीत.
म्हणजे तपासले, वरवर.
धाकट्या इव्हलिनने विचारलं, "हो कितें काम करतालो?"
"माती तपासायचा."
"मागीर?"

मागीर काय, बाराला तिठ्यावर पेटवला.
पोटात फटाके होते, बाही उडून टपरीच्या छपरावर पडली,
पोरं नाचली, कोणीतरी मला केकचा तुकडा दिला.

आमच्याकडे एक चाचणी असायची.
नमुना तोलायचा, हजार अंशांवर तासभर ठेवायचा,
निववून पुन्हा तोलायचा.
जे उडालं ते वहीत मांडायचं : जळीत घट.
पाणी उडतं. मुळांचं, पानांचं कुजलेलं उडतं.
घट जास्त आली की मला वाटायचं, माझंच चुकलं.
काकोडे चष्म्यावरून बघायचे :
"अगो, तो दोष न्हय. इतकें ओलें आशिल्लें, इतलेंच."

पहिल्या तारखेलाही पाळी होती.
पाच वीसला तिठ्यावर दिव्याखाली राखेचा ढीग,
करडा, आणि एका बाजूला
वितीएवढा पट्टा लाल.
इकडेतिकडे पाहिलं. वाकले. चिमूट घेऊन चोळली.
चाळीस, मी म्हटलं. बेचाळीस असेल.
सांगायला मशीन नव्हतं.

बस दहा मिनिटं उशिरा आली.
ड्रायव्हरने नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या,
मी डाव्या हाताने दांडा धरला.
डायरीत १ च्या पुढे
अजून काही नाही.